ज्वारी निसवायचे दिवस

मोझरीच्या शिवारात आता जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आणि कपाशी. माझ्या लहानपणी मात्र ज्वारीच ज्वारी. गावरान, माणूस आत शिरला तर दिसत नसे एवढी उंच. मृगात पाऊस झाला तर मृगात पेरणी, नाही तर आर्द्रात.

एका वर्षी आमच्या वरच्या तुकड्यात मृगात तिफन फिरली आणि खालच्या चिबड तुकड्यात तीन आठवड्यांनी. शाळेतल्या गणितानं वरची ज्वारी तीन आठवडे आधी निसवायला पाहिजे होती. पण दोन्ही तुकडे चार-पाच दिवसांच्या फरकानं निसवले. खालची फक्त हातभर बुटकी राहिली. मी विचारलं तर बाबा म्हणाले, "ज्वारी पेरल्यापासूनचे दिवस नाई मोजत गा. दिवस केवढा रायला, थे पायते."

पुढं वाचनात आलं की 1920 साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हेच मांडलं होतं. आपल्याकडं जूनच्या शेवटी दिवस सव्वातेरा तासांच्या वर असतो, ऑक्टोबरच्या मध्यात पावणेबाराच्या आत येतो. रात्र पुरेशी लांबली की गावरान ज्वारी पोटरीत येते, तोवर नुसती वाढत राहते. आणि ती खरं तर दिवस नाही, अंधार मोजते. आमच्या रस्त्याकडच्या धुऱ्याजवळ एका हॉटेलवाल्यानं रात्रभर जळणारा दिवा लावला होता. सगळं वावर निसवलं तरी दिव्याखालची तीन-चार तासं हिरवीगार, पोटरीचा पत्ता नाही! लोक म्हणत, करणी केली.

या हिशेबाचा फायदा मोठा होता. राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात माणसांचा पूर लोटे, तोवर पाऊस बहुतेक आटोपलेला असे. कणसात दाणा भरायचा तो कोरड्या हवेत, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. ज्वारी मोत्यासारखी पांढरी निघे. वर बैलांना वर्षभराचा कडबा.

मग हायब्रीड आलं. सीएसएच-1 हे पहिलं संकरित वाण 1964 सालचं. त्याला दिवस लहान-मोठा असल्याचं फारसं सोयरसुतक नाही, शंभर-एक दिवसांत तयार. पिकलं भरपूर, हे कबूल केलंच पाहिजे. पाऊस लवकर उघडला की गावरान फुलोऱ्यातच वाळे, तिथं हायब्रीडनं दाणे दिले. पण पाऊस लांबला की भर भादव्यात दाणे भरताना कणसावर झड बसे, बुरशी चढे आणि ज्वारी काळी पडे. त्या ज्वारीची भाकर आईनं थापली की घरात कोणी बोलत नसे. अडत्याकडं तर तिला निम्मा भावही मिळत नसे. बुटक्या धांड्याचा कडबा पुरेना, म्हणून आम्ही एक बैलजोडी विकली. ते मला अजून सलतं.

गव्हाची तऱ्हा उलटी. त्याला लांबत जाणारा दिवस चालतो, पण ऊन नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर थंडीत फुटवे धरतो, सावकाश ओंबीवर येतो. कपाशी काढून डिसेंबरअखेर पेरला, तर फेब्रुवारी-मार्चचं ऊन त्याला घाई करतं. वीतभर झाला की ओंबी टाकतो आणि दाणा चिमतो. युरोपात तर असे गहू आहेत की काही आठवडे कडक थंडी खाल्ल्याशिवाय ओंबीच धरत नाहीत. आपल्या गव्हाला तेवढी गरज नाही, नाही तर वऱ्हाडात पोळीच दिसली नसती.

गावरान ज्वारीचं बी आता मागून मिळत नाही. मी धुऱ्यानं सहा तासं ठेवतो, दरसाल चांगली कणसं निवडून छताला टांगतो. यंदा पाऊस रुसला, पेरायला जुलैची वीस तारीख उजाडली. शेजारचा पोरगा मोबाईलवर दिवस मोजून म्हणाला, "काका, हे दिवाळीनंतरच निसवते." मी म्हटलं, पुण्यतिथीच्या आठवड्यात ये. आला तेव्हा कणसं पुरती बाहेर पडली होती, त्यांवर मधमाश्या घोंगावत होत्या. दोन कणसांचं बी त्यानं आतापासूनच सांगून ठेवलं आहे.