ब्रेकमधले पाणी

संसारात काही गोष्टी अशा असतात, की त्या नीट चालू आहेत तोवर त्यांची आठवणही होत नाही. नळाचे पाणी, आपले गुडघे आणि मोटारीचा ब्रेक या त्यांपैकी प्रमुख होत. पैकी पहिल्या दोन्हींनी मला वेळोवेळी दगा दिला आहे, आणि त्याबद्दल मी चारचौघांत भरपूर तक्रारही केली आहे. तिसऱ्याबद्दल मात्र मी तीन आठवडे घरात अवाक्षर काढले नव्हते.

आमच्याकडे एक जुनी जीप आहे. रंग मूळचा हिरवा, आता कसलाच नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या मते ती मोटार नसून माझी एक खोड आहे. पण महाडच्या बाजूला आमचे वडिलोपार्जित घर आहे, तिथली वाट दगडधोंड्यांची. तिथे नाजूक गाड्या जात नाहीत. म्हणून दर मे महिन्यात आम्ही पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरून जातो. यंदाही निघालो. मी, सौ. आणि आठ वर्षांचा नातू.

घाटात वाघजाईच्या देवळाशी भजी खाल्ली, चहा झाला आणि उतार सुरू झाला. मी तिसऱ्या गिअरमध्येच होतो. उगाच गिअर बदलून इंजिनाला कशाला शिणवा, असा माझा विचार. वेग वाढला की ब्रेक, वळण आले की ब्रेक. अशी आठदहा वळणे झाली आणि पुढच्या वळणावर पाय खाली गेला, तो थेट पत्र्याला टेकला. ओल्या बोळ्यावर पाय पडावा तसे वाटले. गाडी आपल्या वेगाने पुढेच!

त्या क्षणी मला काय काय आठवले ते सांगत नाही. हातापायांनी जे केले ते सांगतो. पाय भराभरा वर-खाली केला, गिअर दुसऱ्यात आणि मग पहिल्यात टाकला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या कडेला थोडी मोकळी जागा होती तिथे गाडी नेऊन उभी केली. हातब्रेकला तार असते, त्याचा पायाच्या ब्रेकच्या तेलाशी संबंध नसतो. त्या तारेचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

"का हो थांबलात?" सौ. म्हणाली.

"जरा देखावा बघू," मी म्हणालो.

पाऊण तास आम्ही देखावा बघितला. मग पाहतो तो काय, ब्रेक पूर्वीसारखा घट्ट! मी स्वतःची समजूत घातली, की काहीतरी अडकले असेल, सुटले असेल. उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये उतरलो. परतताना चढच होता. पुण्याला आल्यावर विषय माझ्यापुरता संपला.

वास्तविक मला हे कळायला हवे होते. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम मी किती वर्गांकडून घोकून घेतला असेल याची गणती नाही. पास्कलचा तो ग्रंथ १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने प्रसिद्ध झाला, हेही मी सांगत असे. परंतु आपल्या पायाखाली तोच नियम गेली अकरा वर्षे त्याच जुन्या तेलावर चालला आहे, हे काही माझ्या ध्यानात आले नव्हते.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, चिरंजीव दारात उभे. हातात ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली आणि दहा नंबरचा पाना. तो कोथरूडला राहतो. गाडी चालवणे मी आता बंद करावे यावरून गेले वर्षभर आमचे बोलणे जेमतेम "जेवलास का?" एवढ्यावर आले होते.

"ब्रेकचं तेल बदलू या म्हटलं," तो म्हणाला. "याला दोन माणसं लागतात."

"तेल भरलेलंच आहे," मी म्हणालो. "पातळी बघ की."

त्याने बॉनेट उघडून डबीचे झाकण काढले. आतला ऐवज सर्दीच्या काढ्यासारखा काळपट दिसत होता. मग त्याने मला शिकवायला सुरुवात केली. या वयात विद्यार्थी होणे जड जाते, पण ऐकले.

तेल म्हणतात, पण हे तेल नव्हेच. यात इंजिनाचे तेल चुकून पडले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. ही जात ग्लायकॉलची. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओलसर व्हावे, तसे हे हवेतले पाणी शोषून घेते. झाकणातून, रबरी नळ्यांतून, महिनोन्महिने, गुपचूप. डब्यावर 'डॉट ४' असे लिहिले होते. 'डॉट' ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नावाची आद्याक्षरे. हे द्रव्य नवे असताना २३० अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये, अशी अट असते, त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की हीच अट १५५ अंशांवर येते. 'डॉट ३'चे हेच आकडे २०५ आणि १४०. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकापाशी भट्टी पेटते. पाणी प्यालेले तेल उकळते, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

"आणि गाडी थंड झाली, की वाफेचं परत पाणी होतं," तो म्हणाला. "ब्रेक जसाच्या तसा! माणसाला वाटतं, बरं झालं."

मी काही बोललो नाही.

चाकांना दगड लावले. पिचकारीने डबीतले जुने तेल काढले, नवे भरले. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे. त्याच्या निपलला नळी, नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडवलेले, म्हणजे हवा उलटी शिरत नाही. तो चाकापाशी बसला, मी पेडलपाशी.

"दाबा. दाबा. दाबा. आता धरून ठेवा."

तो निपल पाव फेरा सैल करी, माझा पाय आपोआप खाली जाई, नळीतून काळे पाणी आणि बुडबुडे निघत. निपल पुन्हा आवळले की तो म्हणे, "सोडा." मग पुन्हा दाबा. पाचसात वेळा झाले की डबीत भर घालायची. ती रिकामी होऊन हवा आत गेली तर सारा खटाटोप पहिल्यापासून.

तिसऱ्या चाकाला भाजीवाला आला. "आज मेथी घ्यायची का हो?" असे सौ.ने गॅलरीतून विचारले, मी वर पाहिले आणि माझा पाय उचलला गेला. निपल उघडेच होते. हवा आत ओढली गेली.

"बाबा!" तो ओरडला. "मी म्हणेपर्यंत सोडू नका!"

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. याच आवाराच्या मागच्या गल्लीत तो सायकल शिकत होता, मी कॅरिअर धरून पळत होतो आणि तो ओरडत होता, "बाबा, मी म्हणेपर्यंत सोडू नका!" तेव्हा मी न सांगता सोडले होते. तो थेट खांबापर्यंत गेला होता, आणि मग आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

"पुन्हा करू," तो शांतपणे म्हणाला. "दाबा."

मी दाबले आणि धरले. पाय खाली टेकलेला असतानाच बोललो, "घाटात ब्रेक गेला होता. पोरगा गाडीत होता."

तो चाकाआड होता. त्याचे तोंड मला दिसत नव्हते.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्यानं त्याच रात्री फोनवर सांगितलं. आजोबा पायानं खूप वेळा दाबत होते म्हणून."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. सोडा."

मी पाय सोडला.

चौथे चाक झाले तेव्हा नळीतून मधाच्या रंगाची, बुडबुड्याशिवायची धार येत होती. पेडल दगडासारखे घट्ट झाले. थोडे तेल मडगार्डवर सांडले होते. ते रंग खाते, म्हणून सौ.ने तांब्याभर पाणी ओतले. आतले वैरी बाहेर औषध झाले! जुने तेल गटारात न टाकता बाटलीत बंद करून तो गॅरेजवर देण्यासाठी घेऊन गेला. डब्यात उरलेलेही ठेवू नका म्हणाला. एकदा सील फुटले, की तेही पाणी पिऊ लागते. दर दोन वर्षांनी हे करायचे, असे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.

जाताना तो किल्लीबद्दल काही बोलला नाही. मीच म्हणालो, "दिवाळीला घाट तू उतरव. मी शेजारी बसेन."

"दुसऱ्या गिअरमध्ये," तो म्हणाला.

"पहिल्यात," मी म्हणालो.

सौ.ने मेथी घेतलीच होती. तो जेवूनच गेला.