वसुबारसेचे दूध

शहरातल्या मैत्रिणींना दिवाळी चकलीच्या वासाने कळते, आम्हांला सोयाबीनच्या कुटाराने. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आमचे शेत. आश्विनात सोयाबीन निघते, कापूस फुटू लागतो आणि गोठ्यात तीन गायी. पहाटे चारला उठून शेण, धारा, मग शेत. पूर्वी ज्वारीचा कडबा पुरायचा. आता ज्वारी कमी झाली. कुटार आणि विकतची सरकीची ढेप, यावरच भागवायचे. २००६ साली विदर्भासाठी आलेल्या पंतप्रधान पॅकेजमध्ये दुभत्या गायीही होत्या. तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, "आधी चारा, मंग गाय."

कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो नि देण्यात जातो. दुधाचा तेवढा माझ्या हाती; त्यातूनच किराणा नि मुलीची फी. गेल्या वसुबारसेला फी भरायची राहिली होती आणि गिऱ्हाईक दारात उभे. आमच्याकडे त्या संध्याकाळी दूध विकत नाहीत. मी भीतभीतच विचारले, "यंदा विकू या का?"

"वासराच्या तोंडचं इकून दिवे लावतं काय वं?"

मी गिऱ्हाईक परत पाठवले. पण सगळे दूध पाजले तर वासराला हगवण लागते. म्हणून त्याला बेताने पाजले, उरलेल्याला विरजण लावले. दोन दिवसांनी लोणी काढून तूप कढवले. फराळाला विकतचे तूप आणावे लागले नाही. ते पैसे आणि पुढच्या आठवड्याचे दूध, अशी फी भरली.

यंदाही सासूबाईंनी विचारायच्या आधीच मी विरजणाचे भांडे घासून ठेवले आहे.