अंधारातली नळी

जेलचा फोटो समोर आला की नवखा विद्यार्थी जिथे डीएनए तुटलाय त्या लेनवर बोट ठेवतो. मी आधी शेजारची बघते. त्यातही तेच प्लास्मिड (डीएनएचं गोल कडं), तेच रुथेनियमचं कॉम्प्लेक्स, तेवढाच वेळ. फक्त ती नळी फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलेली. तिथला डीएनए शाबूत असेल तरच तुटण्याचं श्रेय उजेडाला देता येतं.

केशरी रंगाचं हे कॉम्प्लेक्स ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं. असा ऊर्जा मिळालेला सिंग्लेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, पण कॉम्प्लेक्स डीएनएला बिलगलेलं असलं की तेवढा वेळ पुरतो. घाव बहुतेक ग्वानीनवर बसतो. एक धागा तुटला की घट्ट पिळाचं प्लास्मिड सैल पडतं, जेलमधून हळू सरकतं, आणि यूव्हीखाली एका पट्ट्याचे दोन झालेले दिसतात. सिंग्लेट ऑक्सिजनला शमवणारं सोडियम अझाइड घालून तुटणं थांबलं, तर त्याच्यावरचा संशय बळावतो. मुळात यूव्ही मारूनच डीएनए तोडल्याचे दावे मला फारसे पटत नाहीत. यूव्ही एकटासुद्धा ते काम करतो.

डहाणूत मसोलीला घरी गेले की आत्या माझ्या कामाचं खोदून खोदून विचारते. "उजेड पडला नाही तिथे तुझं औषध काय करतं गं?" नेमका प्रश्न. १९७८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन उजेडाची वाट बघत नाही. मूत्रपिंडालाही त्याची झळ लागते. आम्हाला हवंय ते अंधारात गप्प बसणारं औषध.

त्या संध्याकाळी लाइट गेले होते. मी बॅटरी आत्याच्या बोटांखाली धरली. बोटं लालभडक दिसली. निळा-हिरवा उजेड रक्ताने शोषला, लाल तेवढा पार आला. आणि आमचं कॉम्प्लेक्स तर निळ्यावर चालणारं! म्हणूनच बंगळूरच्या आयआयएससीत अखिल चक्रवर्ती यांच्या गटाने तांब्याच्या कॉम्प्लेक्सनी लाल उजेडात डीएनए तोडून दाखवला, त्याचं मला मोल वाटतं. शेरी मॅकफार्लंड यांच्या टीएलडी१४३३ या रुथेनियमच्या औषधासाठी वेगळी वाट निघाली: हिरवा उजेडच फायबरने थेट मूत्राशयात न्यायचा. कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

उजेड आत पोचला तरी गाठीच्या गाभ्यात ऑक्सिजन कमीच असतो. त्यामुळे सध्या मी नळीतली हवा काढून, आर्गॉन भरून तोच प्रयोग करते. ऑक्सिजनवाचून डीएनए तोडणारं कॉम्प्लेक्स मला हवंय.