विजेरीची तिरीप

खोलीत मिट्ट काळोख करून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, त्याचे शटर, म्हणजे भिंगातून येणारा प्रकाश अडवणारा पडदा, तीस सेकंद उघडे ठेवायचे आणि तेवढ्या अवधीत टेबलावर मांडलेल्या वस्तूंवरून हातातली विजेरी फिरवत राहायचे, या पद्धतीला छायाचित्रकार ‘लाइट पेंटिंग’ म्हणतात. नावात रंगवणे असले तरी हाताची प्रत्यक्ष हालचाल सारवण्याशी अधिक जुळते. एकावर एक चढणारे अर्धगोल काढत हात सरकत राहतो, कारण तो जिथे थबकेल तिथे पांढराफटक डाग उमटतो. विजेरी फिरवणारा माणूस स्वतः मात्र चित्रात येत नाही: काळे कपडे घातलेले, सतत हलणारे शरीर कॅमेऱ्याकडे नोंद होण्याइतका प्रकाश परतवतच नाही.

या तंत्राचा इतिहास सांगणारे बहुधा मॅन रे यांच्या १९३५ सालच्या प्रयोगांचा, किंवा १९४९ साली ग्यॉन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर दिव्याने हवेत रेषा काढणाऱ्या पिकासोचा दाखला देतात. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला मात्र त्याहून जुना एक धागा जवळचा वाटावा. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या बोटांना लहानसे दिवे बांधले, शटर उघडे ठेवून त्यांचे काम टिपले आणि छायाचित्रात उमटलेल्या प्रकाशरेषांवरून हात कुठे वायफळ फिरतो ते शोधले. त्या रेषांच्या तारेच्या प्रतिकृतीही त्यांनी बनवल्या. कारखान्यात आजही ज्याला ‘टाइम स्टडी’ आणि ‘मोशन स्टडी’ म्हणतात, त्या विद्येत हा दिवा असा सामील होता. हाताचा प्रवास कमी व्हावा म्हणून तो बांधला होता. वस्तुचित्रणात उलट हात जितका रेंगाळेल तितके चित्र भरते, ही त्यातली गंमत.

प्रस्तुत लेखकाच्या आयुष्यात विजेरी आली ती ‘बॅटरी’ या नावाने, कारण घरात विजेरी कोणीच म्हणत नसे. तीन सेलांची, खाचाखाचांच्या नळीची ती बॅटरी भारनियमनाच्या काळात कपाटावरच्या ठरलेल्या जागी असे, आणि सेल मंदावले की ते काढून उन्हात ठेवण्याचा उपाय हमखास केला जाई. शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्थिरचित्रासाठी मडके, फळ आणि मागे चुण्या घातलेले कापड मांडले जाई, तेव्हा उजेड एकाच बाजूने यावा म्हणून शिक्षक दुसरीकडच्या खिडक्या लावून घेत. छाया कुठे संपते आणि पडछाया कुठे सुरू होते, हा भेद तिथेच पहिल्यांदा कळला.

तिरप्या उजेडाचे खरे शिक्षण पुढे चाकणच्या एका कारखान्यात झाले. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या दरवाजावर पातळ तेल फिरवतात आणि तो ट्यूबलाइटच्या रांगेखाली तिरका धरतात. नळ्यांचे सरळ प्रतिबिंब जिथे मुरडते, तिथे समोरून पाहून कधीही न दिसलेला ‘डेंट’ असतो. संशय आला की विजेरी पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवी मारायची, म्हणजे केसाएवढा उंचवटाही आपली सावली टाकून चुगली करतो. स्थिरचित्रासाठी हेच कौशल्य उपयोगी पडते, एवढेच की तिथे पोचा हा दोष राहत नाही. समोरून पाडलेला प्रकाश वस्तू नुसती दाखवतो आणि बाजूने घासत गेलेला प्रकाश तिचा पोत उकलतो, हे शिकवायला तेलकट पत्र्याइतका चांगला गुरू नाही.

चाकणचा कांदाच घ्यावा, कारण मोटारींच्या आधी हे गाव कांदा-बटाट्याच्या बाजारासाठीच ओळखले जाई. विजेरीच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळून, झोत रुपयाएवढा करून तो कांद्याच्या मागून चार-पाच सेकंद दिला, की सुटलेली सालपटे तांबूस पेटतात आणि त्यांतल्या उभ्या शिरा मोजता येतात. मग बाजूने फिकट हात फिरवून बुडखा आणि वाळल्या मुळ्या उजळायच्या. शेजारचा पितळी डबा मात्र हट्टी असतो. चकचकीत धातू प्रकाश घेत नाही, विजेरीचेच प्रतिबिंब दाखवतो, म्हणून त्याच्यासाठी झोत पांढऱ्या पुठ्ठ्यावर मारून परतलेला उजेड वापरावा लागतो. भिंगाचे छिद्र एफ-११ आणि संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, १०० ठेवली तरी बाकी सारा हिशेब अंतराचा असतो: विजेरी निम्म्या अंतरावर आणली की उजेड चौपट होतो. जुन्या बल्बच्या बॅटरीने पितळ पिवळे, ऊबदार येते, तर एलईडीने ते निळसर, दवाखान्यातल्यासारखे दिसते. या कामात तरी जुनी बॅटरी सरस ठरते.

अडचण अंधाराचीच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभे राहिले, १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या माळांवर रात्रपाळीचे दिवे लागत गेले. आता घराची खिडकी जाड चादरीने झाकून, फटींना काळी पट्टी लावल्याखेरीज इथे तीस सेकंदांचा काळोख मिळत नाही. त्यामुळे हे काम या औद्योगिक पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी रात्री, सावकाश करावे लागते. शटर मिटल्यावरही लगेच काही दिसत नाही, कारण कॅमेऱ्यातील ठिपकेदार गढूळपणा काढण्याची सोय चालू असेल तर तो आणखी तीस सेकंद, शटर बंद ठेवूनच, एक कोरी काळी चौकट टिपतो आणि ती पहिल्या चित्रातून वजा करतो.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर पितळी डबा पडून असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी एका रात्री टेबलावर मांडावा आणि त्याच्या पोच्यांवरून बॅटरी आडवी धरून पाहावी. कॅमेरा नसला तरी चालेल.