वाफ्यात अनवाणी

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की निफाडची थंडी पेपरात येते, आणि टीव्हीवाले द्राक्षबागांतल्या शेकोट्या दाखवतात. गहू-हरभऱ्याला ही थंडी मानवते. काकडी-कारल्याचे हाल कोण दाखवणार? पण उन्हाळ्याच्या तोंडाला माल काढायचा, तर लागवड नेमकी याच दिवसांत करावी लागते.

आमची पहिली काकडी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. नर्सरीतून आणलेली रोपं नजर लागावी इतकी लुसलुशीत. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ऊन चढलं आणि सगळ्यांनी माना टाकल्या. मला वाटलं, तहानलीत. संध्याकाळी शेततळ्याचं पाणी ठिबकने तासभर सोडलं. दुसऱ्या दिवशी हाल आणखी वाईट, म्हणून पुन्हा पाणी. चार दिवसांत पानांवर उकडल्यासारखे काळपट डाग पडले.

सासूबाई बांधावरून बघत होत्या. त्यांनी चपला काढल्या, वाफ्यात उभ्या राहिल्या.

"ये इकडं. पाय ठेव."

ठेवला. तळव्यातून कळ गेली.

"आता सांग त्यांना, पाणी प्या म्हणून."

माती ओलीच होती, पण गार पडलेली. अशा मातीत काकडीची मुळं पाणी ओढत नाहीत, आणि वर ऊन तर पानांतलं पाणी उडवत असतं. वर मी शेततळ्याचं गारेगार पाणी ओतत होते. पेशींच्या पातळ पडद्यांत स्निग्ध द्रव्य असतं, ते थंडीत तुपासारखं थिजतं, हे मी नंतर वाचलं. हळूहळू थंडीला सरावलेलं रोप त्या पडद्यांत, काही प्रमाणात का होईना, तेलासारखं न थिजणारं द्रव्य वाढवतं. आमच्या रोपांना सरावायला वेळच मिळाला नव्हता. शेडनेटच्या उबेतून ती थेट उघड्यावर आली होती.

पुढच्या वर्षी रोपं घरी केली. सासूबाईंनी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, ओल्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधली आणि उकिरड्यात हातभर खोल पुरली. तिसऱ्या दिवशी उघडली तर फडक्यातून वाफ आली, बियांना पांढरे मोड. ते ट्रेमध्ये लावले. लागवडीआधीचे आठ दिवस ट्रे उघड्यावर ठेवले आणि पाणी तोडत आणलं. रोपं बुटकी राहिली, पानं जाड. शेजारीण म्हणाली, "उपाशी ठेवलीस का गं?"

पाणी आता विहिरीचं. थंडीत ते पहाटे वाफाळत असतं. तारांच्या कमानींवर क्रॉप कव्हर टाकलं. जिथं ते सैल होऊन पानाला टेकलं, तिथं पान करपलंच. फुलं लागल्यावर दिवसा कव्हर काढायचं मी विसरले. मधमाश्या आत येणार कशा? पहिल्या तोड्यात निम्म्या काकड्या वाकड्या, त्या व्यापाऱ्याने बाजूला काढल्या. तरी रोपं जगली, हे काय थोडं?

गेल्या वर्षी मी मातीत खुपसायचा तापमापक आणला. जानेवारीत सकाळी आठला तो १३ दाखवत होता. मी आकडा सांगायला वळले, तर सासूबाई आधीच चपला हातात घेऊन वाफ्यात उभ्या.

"दोन दिवस थांब," त्या म्हणाल्या.