पवईचा ट्रॅक आणि हिंदमाताचं पाणी

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण तुम्ही किंवा घरातलं कुणी सायकल चालवत असेल तर नक्की वाचा.

दर रविवारी पहाटे पावणेपाचला मी हिंदमाताहून सायकल काढतो. आंबेडकर रोडने दादर टीटी, किंग्ज सर्कल, सायन. तिथून एलबीएस पकडून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी. गांधीनगरच्या सिग्नलला डावीकडे वळलं की आयआयटीचं गेट आणि थोडं पुढे उजव्या हाताला पवई तलाव. मागे नॅशनल पार्कचे डोंगर. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत तर पाण्यावर धुकं असतं आणि पाच मिनिटं विसरायला होतं की आपण मुंबईत आहोत. पाणी पिऊन पुढे फिल्टरपाड्याकडून आरेत शिरायचं, चढउतार घेत पिकनिक पॉइंटवरून गोरेगावला उतरायचं आणि एसव्ही रोडने माहीम, दादर करत घरी. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर होतात. नऊच्या आत घरी, ही पोहे करून वाट बघत असते.

ज्यांना जमतं ते गाडीवर सायकल बांधून लोणावळ्याला जातात, पवना धरणाला चक्कर मारतात. आपल्याकडे गाडी नाही. आपला तलाव पवई आणि आपला घाट आरे.

म्हणूनच २०२१ मध्ये महापालिका पवई तलावाभोवती दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करतेय असं वाचलं तेव्हा मला कोण आनंद झाला. इथेच पोस्ट टाकली होती, जुन्या मित्रांना आठवत असेल. "चला, शेवटी मुंबईला सायकलवाल्यांची आठवण झाली." दोनशेच्या वर लाइक आले. खाली पुतण्याची कमेंट आली, "काका, हा ट्रॅक तलावाभोवती नाही, तलावात आहे." मी चारचौघांत त्याला झापलं. "तुम्हा लोकांना काहीच होऊ द्यायचं नाही. मेट्रो नको, रस्ता नको, आता सायकलपण नको." त्याने उत्तर दिलं नाही. पुढचे दोन महिने फोनही केला नाही.

आज हे लिहितोय कारण ती कमेंट अजून तिथेच आहे. कुणाचा नातेवाईक चुकला की आपण स्क्रीनशॉट काढतो. हा माझा स्वतःचा आहे.

दिवाळीला तो घरी आला आणि म्हणाला, "रविवारी मला घेऊन चल." दोघं गेलो. एरवी मी रस्त्यावरूनच तलाव बघायचो. त्या दिवशी त्याने मला कडेला नेलं. लोखंडी जाळीत भरलेले दगड एकावर एक रचत काम चाललं होतं. याला गॅबियन म्हणतात. महापालिकेचं म्हणणं असं होतं की दगडांच्या फटीतून पाणी येत-जात राहील, हा भराव नव्हे. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण पुतण्या म्हणाला, तलावाचं खोल पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मधली जी उथळ, चिखलाची कडा असते तिथेच सगळा संसार चालतो. पवईत मगरी आहेत, त्या कडेलाच ऊन खायला बाहेर येतात. पाणपक्षी तिथेच चरतात. तिथे दगडांची भिंत घातली की तलाव नकाशावर तेवढाच दिसेल, पण तलाव राहणार नाही.

मी तरी हट्ट सोडला नव्हता. म्हटलं, थोडीशी कडा गेली तर काय बिघडलं? त्यावर तो जे बोलला ते लागलं. "काका, तू हिंदमाताचा. पाण्याची जागा घेतल्यावर काय होतं, ते मी तुला सांगू?"

हिंदमाता म्हणजे काय हे बाहेरच्यांना फक्त टीव्हीवर माहीत आहे. जून-जुलैत एक जोराची सर आली की कॅमेरे आमच्या पुलाखाली. सात बेटांच्या मधल्या सखल जागा बुजवून हे शहर उभं राहिलं आणि आमचा भाग बशीसारखा राहिला. चहूकडून पाणी इथे उतरतं. कापडाच्या दुकानांचे खालचे कप्पे पावसाळ्यात रिकामे ठेवतात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. पंप लावले, ब्रिटानियाचं पंपिंग स्टेशन झालं, २०२१ मध्ये प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधायला घेतल्या. म्हणजे बघा, एकीकडे पाण्याला थांबायला जागा नाही म्हणून जमिनीखाली टाक्या बांधायच्या, आणि दुसरीकडे जिथे पाणी आपणहून थांबलेलं आहे तिथे दगड टाकायचे. तेही एकाच महापालिकेने, एकाच वर्षी.

पवईचं पाणी हिंदमाताला येत नाही, हे मलाही कळतं. पवई आणि विहारचं वाहून येणारं पाणी मिठीत जातं. मग कुर्ल्याच्या आणि बीकेसीच्या लोकांना विचारा २६ जुलै २००५. घरी परतताना माहीमच्या खाडीवर मला तेच पाणी पुन्हा भेटतं, पण तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. आयआयटीतले विद्यार्थी आणि पर्यावरणवाले हायकोर्टात गेले होते. ६ मे २०२२ ला निकाल आला. पाणथळ जागांच्या नियमांखाली हे काम बेकायदेशीर ठरलं, काम थांबवा आणि जागा पूर्ववत करा असा आदेश झाला. त्या दिवशी सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मिश्र प्रतिक्रिया होत्या. "आपल्या नशिबी काही नाही" असं लिहिणारेही होते. वर्षभरापूर्वी मीही तेच लिहिलं असतं.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. आमच्याकडे रोज सकाळी सायकलवर इडलीवाला यायचा. मागे ॲल्युमिनियमचा डबा, हँडलला चटणीची किटली, भोंगा पों पों. आम्ही सगळे अण्णा म्हणतो. वीस वर्षं तोच आंबेडकर रोड, तीच सायकल. त्या हिवाळ्यात उभ्या टेंपोचं दार अचानक उघडलं आणि अण्णा डब्यासकट रस्त्यावर. हात मोडला. इडल्या सगळ्या डांबरावर. दोन-अडीच महिने धंदा बंद, गावाहून भावाला बोलवावं लागलं. कुठे नोंद नाही, बातमी नाही.

अण्णाला बघून आलो त्या रात्री मी साधा हिशोब केला. पवईचा ट्रॅक पूर्ण झाला असता, उद्घाटन झालं असतं, मी सेल्फी टाकला असता, तरी अण्णाच्या रोजच्या वाटेवर त्यातला एक मीटरही आला नसता. आणि माझ्याही नाही. कारण मला तलावाभोवती भीती वाटत नाही. भीती वाटते ती तलावापर्यंतच्या अठरा-वीस किलोमीटरांत.

पहाटे पाचला आंबेडकर रोडवर उभे राहा आणि बघा सायकलवर कोण असतं. पाववाला, दूधवाला, पेपरवाला, रात्रपाळी करून परतणारा वॉचमन, किटली घेऊन निघालेला चहावाला. हेल्मेट आणि लायक्रा घातलेले आम्ही दहा-वीस. आमच्यासाठी ट्रॅकचा विचार होतो. त्यांना कुणी सायकलस्वार म्हणतच नाही.

जरा मागे वळून बघू. सी लिंक २००९ चा, सायकलला बंदी. ईस्टर्न फ्रीवे २०१३ चा, बंदी. अटल सेतू २०२४, बंदी. कोस्टल रोड २०२४, त्याच्या मुख्य रस्त्यावरही बंदी. वेगाचे रस्ते आहेत, बंदीचं कारण समजू शकतो. पण मग उरलेल्या जुन्या रस्त्यांवर तरी आम्हाला जागा ठेवाल की नाही? बीकेसीत ट्रॅक झाला, तिथे गाड्या उभ्या राहिल्या. तानसाच्या जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरचा 'हरित वारी जलतीरी' जाहीर झाला. नाव किती सुंदर! पण त्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या कोर्टाच्या आदेशाने हटल्या तेव्हा कितीतरी कुटुंबं माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन टाकली. तिथल्या हवेपायी त्यांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. अशा जागेवरून सायकल चालवताना मला आनंद होईल का, हे मी स्वतःला विचारलंय.

म्हणून सायकलवाला म्हणून माझं मागणं आता फार साधं आहे.

१. गटाराच्या जाळ्या फिरवा. रोड सायकलचा टायर जेमतेम पाऊण-एक इंच असतो. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक सरळ आत जातं. फटी आडव्या करायला नवीन प्रकल्प लागत नाही.

२. डाव्या कडेचं बेकायदा पार्किंग हटवा. निदान पहाटे पाच ते आठ. अण्णा त्यामुळेच पडला.

३. डांबर आणि पेव्हर ब्लॉकच्या सांध्यातली खाच भरा. पावसात ती दिसत नाही.

४. गांधीनगरसारख्या मोठ्या सिग्नलला सायकल आणि पायी जाणाऱ्यांना सुटसुटीत वेळ द्या.

५. आणि पवईत काही करायचंच असेल तर तलावात येणारं सांडपाणी थांबवा, जलपर्णी काढा. बाकी त्याला हात लावू नका.

१८९१ मध्ये पवई तलाव बांधला तो शहराला पाणी पाजायला. ते पाणी पिण्यालायक निघालं नाही, म्हणून पवई नुसता राहिला. तसाच राहू दे. शहरात एखादी जागा कशाच्या उपयोगाची नसली तरी चालते.

आता रविवारी पुतण्याही बरोबर असतो. त्याची सायकल माझ्यापेक्षा जुनी आणि पाय माझ्यापेक्षा तरुण. तलावापाशी आम्ही रस्त्यावरच उभे राहतो, कठड्याला सायकली टेकवून. मागच्या महिन्यात एक मगर दिसली, दगडासारखी पडलेली. मला दिसायला पाच मिनिटं लागली, तो आधीच हसत होता.

अण्णा परत येतो. हात पूर्ण सरळ होत नाही, म्हणून भोंगा डाव्या बाजूला बसवून घेतलाय.

तुमच्याकडे एक काम. उद्या घरातून निघालात की रस्त्यातली एक जाळी बघा, फटी कुठल्या दिशेने आहेत ते. सरळ असतील तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका, जागेच्या नावासकट. परळ-हिंदमाताचे मी गोळा करतोय, एफ दक्षिण वॉर्डात एकत्र अर्ज देऊ. बाकीच्यांनी आपापल्या वॉर्डात द्या.

आणि हो, पुतण्या हे वाचतोय. तुझी ती कमेंट बरोबर होती रे.