शेकोटीची चौकट

वैशाखात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घरोघरी चर्चा असते ती कूलरची आणि पाण्याच्या टँकरची. अशा गावी बसून दिवाणखान्यातील शेकोटीभोवती कोणता दगड बसवावा याचा दोन महिने विचार करीत राहणे कोणालाही विनोदी वाटेल. परंतु आपल्या समाजातील कितीतरी घरांची एक खोली आता परदेशात आहे, हे वाचक जाणतातच. आमची ती खोली शिकागोच्या एका उपनगरात आहे. कन्या व जावई यांनी गतवर्षी तेथे जुने घर विकत घेतले. त्या घराच्या दिवाणखान्यात भिंतीत बांधलेली, लाकूड जाळण्याची शेकोटी आहे. तिकडे तिला फायरप्लेस म्हणतात. तिच्या तोंडाभोवतीच्या जुन्या टाइल्स तडकल्या होत्या. त्या काढून काय लावावे, हा प्रश्न होता.

कन्येच्या मनात मकराण्याचा पांढरा संगमरवर होता. जावईबापूंना स्वयंपाकघरातील ओट्यासारखाच कृत्रिम क्वार्ट्झ हवा होता. दोघांनी तो प्रश्न माझ्याकडे सोपविला, त्याचे कारण कन्येने एका वाक्यात सांगितले : "पप्पा, तुम्ही नोकरीत इतक्या भट्ट्या पाहिल्यात, तुम्हालाच कळेल."

भट्ट्या पाहिल्या, हे खरे आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील सळईच्या कारखान्यांना कर्जे देणे आणि नजरगहाण मालाची दरमहा तपासणी करणे, यांत माझ्या सेवेची बरीच वर्षे गेली. भंगार मोजायचे, बिलेट मोजायचे, सळईचे भारे मोजायचे आणि मग मालकाच्या आग्रहाखातर भट्टीपर्यंत जायचे. बिलेट लाटण्यापूर्वी ज्या भट्टीत तापवितात, तिच्या आतील उष्णता 1100 ते 1200 अंश सेल्सिअसच्या घरात असते. त्या भट्टीच्या पोटात अग्निरोधक विटांचे अस्तर असते. बाहेरून साधे बांधकाम किंवा पोलादी पत्रा. अस्तर झिजले की भट्टी थंड करून ते पुन्हा बांधावे लागते आणि तेवढे दिवस उत्पादन बंद. म्हणून कर्जाच्या प्रस्तावात या विटांचा खर्च मी नेहमी वेगळा विचारीत असे. ज्या कारखानदाराने तो आकडा विचार न करता सांगितला, त्याला आपल्या धंद्याची माहिती आहे, असे मी समजत असे.

घरातील शेकोटीचीही रचना तीच. ज्वाळेला भिडणारा आतला गाभा अग्निरोधक विटांचाच हवा. तेथे दगडाची निवड हा प्रश्नच नाही. आपण ज्याची चर्चा करतो ती बाहेरची चौकट. तिला ज्वाळा लागत नाही. लागते ती धग, काजळी आणि क्वचित उडालेली ठिणगी. हे दोन भाग मनात वेगळे केले की अर्धा गोंधळ मिटतो. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झचे स्फटिक 573 अंशांना एकाएकी फुगतात व दगड तडकतो, संगमरवराचा सुमारे 900 अंशांना चुना होतो, या गोष्टी खऱ्या आहेत. पण चौकटीचा दगड त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. तेव्हा या कारणाने कोणताही नैसर्गिक दगड बाद होत नाही.

बाद झाला तो जावईबापूंचा कृत्रिम क्वार्ट्झ. त्यात दगडाचा चुरा नव्वद टक्क्यांच्या वर असतो, परंतु तो चुरा धरून ठेवणारी वस्तू म्हणजे राळ, एक प्रकारचे प्लॅस्टिक. ओट्यावर गरम कढई ठेवल्याने त्यावर पिवळा डाग पडतो, हे आता आपल्याकडील गृहिणींनाही ठाऊक आहे. शेकोटीच्या तोंडाशी, जेथे तासन्तास धग लागणार, तेथे तो लावणे म्हणजे अल्पमुदतीच्या ठेवीवर दीर्घमुदतीचे कर्ज देण्यासारखे. जावईबापू अभियंते आहेत. त्यांनी ते तत्काळ मान्य केले.

मकराण्याचे प्रकरण नाजूक होते, कारण त्यात हिशेब कमी आणि भावना अधिक. ताजमहाल आणि कोलकात्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल ज्या दगडाचे आहे, तो आपल्या घरी असावा असे कोणाला वाटणार नाही? त्यातून आपण जैन. 1031 साली अबूच्या विमलवसहीची प्रतिष्ठा झाली, तेव्हापासून पांढरा संगमरवर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाभारा उभा राहतो. मला नेमके तेच खटकत होते. ज्या दगडाला आपण वेदीवर बसवितो, तो धुराच्या तोंडाशी बसविणे मनाला पटेना. हा तर्क नव्हे, हे मी कन्येला प्रांजळपणे सांगितले. मग तर्कही सांगितला : संगमरवर हा मुळात चुनखडीचाच भाऊ. लिंबाचा थेंब पडला तरी त्याची चकाकी जाते. काजळी त्याच्या बारीक छिद्रांत शिरली, तर तेजाबाने पुसता येत नाही आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. दोन-तीन हिवाळ्यांत चौकटीचा वरचा पट्टा पिवळसर होणार.

शिवाय दगड येथून पाठविण्याचा विचार हिशेबात बसत नव्हता. 20 मिलीमीटर जाडीचा संगमरवर चौरस फुटाला सुमारे 5 किलो भरतो. चौकट व पुढची फरशी मिळून 16 चौरस फूट धरले, तर 80 किलो वजन झाले. पेटी आणि तुटफूट निराळी. गंमत अशी की, कन्या तेथील दगडाच्या दुकानात गेली तेव्हा तिला पहिल्याच रांगेत आंध्रातील ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा 'ब्लॅक गॅलेक्सी' ग्रॅनाइट दिसला. भारताचा दगड तिच्या आधीच तेथे पोहोचला होता.

येथे थोडे थांबून आपल्या चुलीविषयी सांगितले पाहिजे. आमच्या आईची चूल मातीची होती. मातीत तूस आणि शेण मळून ती घातलेली असे, शेजारी वैल. रोज सकाळी आई तिला पोतेरे देई. आगीभोवतीची वस्तू रोज नवी करता आली पाहिजे, हा त्यातला अर्थ. म्हणून कोणी चुलीला घडीव दगड लावीत नसे. चुलीपुढची शहाबादी फरशी मात्र हळूहळू पापुद्रे सोडी, कारण तो थरांचा दगड आहे आणि धगीने थर सुटतात. कडप्प्याचीही जात तीच. कन्येने स्वस्त पडतो म्हणून थरांच्या दगडाविषयी विचारले, तेव्हा मला ती फरशी आठवली आणि मी नको म्हटले.

आईची आणखी एक सवय आठवली. सरपणाचा प्रत्येक तुकडा ती जमिनीवर दोनदा आपटी, झटकी, निरखून पाही आणि मगच चुलीत सारी. वाळवी असलेले लाकूड ती बाजूला ठेवीत असे. पावसाळ्यात या कामाला वेळ लागे आणि स्वयंपाकाला उशीर होई. तरी तिने तो क्रम मोडला नाही.

ही आठवण सांगताच कन्येने मनातला खरा प्रश्न काढला. दगडाचा वाद वरवरचा होता. ही आग पेटवावी की नाही, यावर त्या दोघांचे एकमत नव्हते. जावईबापूंचे म्हणणे : मागील मालकांच्या वेळी हिमवादळात वीज गेली, तेव्हा ते कुटुंब या शेकोटीपुढे बसून तरले, उणे तापमानात लहान मूल घरात असताना ही सोय बुजविणे शहाणपणाचे नाही. कन्येचे म्हणणे : नाताळच्या सुटीत मित्रमंडळी जमतील, केवळ शोभेसाठी लाकडे जळतील आणि त्यांत किती जीव जातील याचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्याकडे अग्नी हा स्वतःच जीव, तेजस्काय. त्याखेरीज लाकडातील त्रस जीव, हवेतील वायुकाय. भगवतीसूत्रात कालोदायीचा प्रश्न आहे : दोन पुरुषांपैकी एक आग पेटवितो, दुसरा विझवितो, अधिक कर्मबंध कोणाला? विझविणारा अग्निकायाची हिंसा अधिक करतो; तरीही उत्तर असे की, पेटविणाऱ्याला बंध अधिक, कारण तो पृथ्वी, पाणी, वायू, वनस्पती आणि त्रस या सर्वांची हिंसा अधिक करतो. मी हे कन्येला सांगितले, तेव्हा जावईबापूही ऐकत होते. ते नम्रपणे म्हणाले, "पप्पा, मग जालन्याच्या भट्ट्यांचे काय?"

प्रश्न रास्त होता. पंधरा कर्मादानांत पहिलेच नाव अंगारकर्माचे आहे आणि दगडाच्या खाणीही त्या यादीतील स्फोटकर्मापासून दूर नाहीत. ज्या गावाची भाकरी भट्टीवर चालते, त्या गावच्या निवृत्त बँक अधिकाऱ्याने परगावच्या शेकोटीवर निवाडा देताना आवाज चढवू नये, एवढे मला कळते. मी कोणाच्या व्यवसायाविषयी येथे काही म्हणत नाही. परंतु श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे जे व्रत आहे, ते मला नेहमीच अत्यंत व्यवहारी वाटत आले आहे. गृहस्थाकडून हिंसा होणार, हे ते गृहीत धरते; विचारते इतकेच की, प्रयोजन काय? कर्जाच्या अर्जावरही पहिला प्रश्न तोच असतो. खेळत्या भांडवलासाठी घेतलेले कर्ज लग्नात उडविले, तर रक्कम तीच असली तरी खाते निराळे होते. वीज गेल्यावर मुलाच्या उबेसाठी पेटविलेली आग आणि पाहुण्यांपुढे शोभा म्हणून पेटविलेली आग यांचे तापमान एकच असेल, पण खाते एक नाही.

त्यात व्यवहाराची भर अशी की, उघडी शेकोटी खोली तापविण्याचे काम फार वाईट करते. बहुतांश उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि जाताना खोलीतील गरम हवाही ओढून नेते. 1796 साली काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाने गाभा उथळ व बाजू तिरप्या करून ही गळती कमी करण्याचा मार्ग सांगितला होता, तरी मूळ दोष राहतोच. रोजच्या उबेसाठी घरात यंत्रणा आहे. म्हणजे ही शेकोटी वर्षाकाठी एक-दोन प्रसंगांची, संकटकाळची वस्तू. तसे ठरताच दगडाचा प्रश्न सोपा झाला : शोभेचा दगड नको, सुरक्षित दगड हवा.

सुरक्षिततेसाठी मी जावईबापूंना टेप घेऊन मापे काढायला लावली, आणि बरे झाले. तेथील बांधकाम नियमांप्रमाणे शेकोटीच्या तोंडापासून 6 इंचांच्या आत लाकूड चालत नाही. 12 इंचांपर्यंत असेल, तर दर इंच अंतरामागे ते एक अष्टमांश इंचापेक्षा अधिक पुढे येता कामा नये. त्यांच्या घरी माथ्यावरची ओकची फळी साडेचार इंचांवर होती. पुढच्या फरशीचा नियम असा : तोंड 6 चौरस फुटांपेक्षा लहान असेल, तर समोर 16 व बाजूंना 8 इंच, त्याहून मोठे असेल तर समोर 20 व बाजूंना 12 इंच. त्यांचे तोंड 36 बाय 28 इंच, म्हणजे बरोबर 7 चौरस फूट. फरशी समोर जेमतेम 12 इंच होती आणि तिच्या पलीकडे गालिच्यावर रुपयाएवढा काळा डाग होता. घर घेताना तो सर्वांनी पाहिला होता. शाईचा समजून सोडून दिला होता. ते ऐकल्यावर सौभाग्यवतींना त्या रात्री झोप लागली नाही. धुराडेही किती वर्षांत साफ झाले नव्हते, कोण जाणे.

शेवटी बेसाल्ट घेतला. आपला काळा पाषाण, ज्याची आपली जाती, पाटे-वरवंटे असत आणि ज्यात वेरुळची 30 ते 34 क्रमांकांची जैन लेणी कोरली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. आगीचे त्याला नवल नाही. त्याला थर नाहीत, तेजाबाचे त्याला संगमरवराइतके भय नाही आणि काजळी त्याच्यावर दिसत नाही. चकाकी न देता घासलेल्या त्याच्या फरशा तेथील दुकानात तयार मिळाल्या. संगमरवराहून किंचित जड, एवढाच फरक. खोली अंधारी दिसेल, अशी जावईबापूंची शंका होती. भिंतीला पांढरा रंग देऊन ती मिटली.

ओकची फळी 14 इंचांवर चढवली आहे. फरशी समोर 20 आणि दोन्ही बाजूंना 12 इंच झाली. कारागिराने नियमाचे पुस्तक स्वतःहून दाखविले, म्हणून कन्येने मला त्याचे छायाचित्र पाठविले. तोंडाला काचेचे झाकण बसविले असून धुराडे साफ करून घेतले आहे. नाताळच्या मेजवानीचे काय करायचे, ते दोघे आपसांत ठरवतील. लाकडे गॅरेजमध्ये, जमिनीपासून वीतभर उंच मांडणीवर ठेवली आहेत आणि पेटविण्यापूर्वी प्रत्येक तुकडा कसा आपटायचा, ते सौभाग्यवतींनी व्हिडिओ कॉलवर नातवाला दोनदा करून दाखविले.